ग्रीन बेल्ट करावा का? (वाळूज, प्रेस शॉप, पगार बेताचा)

व्हर्नियरवाला – सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहायलो, सांभाळून घ्या. मी वाळूजला एका प्रेस शॉपमधे (पत्रा दाबून-कापून पार्ट काढतात तिथं) क्वालिटीत आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, सहा वर्षं झाली. आमचा माल दुचाकीचे पार्ट बनवणाऱ्याकडं जातो, त्याचा मोठ्या कंपनीला, त्यामुळं शिव्या वरून खाली येत येत आमच्यापाशी येऊन थांबतात कारण आमच्या खाली कुणीच नाही.

मुद्दा असा की परवा एका ट्रेनिंगवाल्याचा फोन आला. लीन सिक्स सिग्मा (कामातल्या चुका आणि वाया जाणं कमी करायची पद्धत, तिच्या पायऱ्यांना बेल्ट म्हणतात) ग्रीन बेल्ट, चार शनिवार-रविवार ऑनलाइन, फी ३२ हजार पण "सर आजच भरले तर २४". सर्टिफिकेट इंटरनॅशनल म्हणे. माझा पगार २३ आहे. मालकाला विचारलं तर म्हणले कर की बाबा, पण सुट्टी मागू नको आन पैसे मागू नको.

आमच्या एका ब्रॅकेटवर बरचं (कटिंगच्या कडेला धार राहते ती) रिजेक्शन दोन महिन्यापासून पावणेदोन-दोन टक्के चाललंय, तिसऱ्या शिफ्टला तर तीनच्या वर. डेबिट नोटा (खराब मालाचे पैसे कापल्याचे कागद) यायल्यात. बेल्ट केला तर हे सुटंल का, आणि पुण्यात नोकरी लागंल का, हे दोन प्रश्न. दुसरा खरा आहे.

शंकासुर – सोमवार, रात्री ११:५२

बेल्ट पॅन्टीला लागतो. २४ हजारात चांगल्या चामड्याचे वीस येतील आणि एकाचीही एक्स्पायरी नसते.

नांदेड_टू_पुणे – मंगळवार, सकाळी ९:१५

शंकासुर भाऊ सकाळी सकाळी हसवलं पण मी दुसरी बाजू सांगतो. मी पुण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसला आहे, लोनच्या फायली तपासायचं काम. आमच्याकडं यलो बेल्ट कंपल्सरी आणि ग्रीन बेल्टशिवाय टीम लीड होता येत नाही, त्यामुळं नोकरीच्या प्रश्नाला उत्तर हो, रेझ्युमेत ती ओळ दिसली तर एचआरवाला फाईल बाजूला काढतो हे डोळ्यानं बघितलंय.

पण खरं सांगू का, आमच्याकडं प्रोजेक्ट कसे होतात? आधी ठरतं की अमुक लाखाची बचत दाखवायची, मग उलटं बसून आकडे भरतात. माझाच प्रोजेक्ट सांगतो. फाईल पास व्हायला सरासरी सहा दिवस लागायचे, ते चारवर आणायचे होते. मी काय केलं, घड्याळ कधी सुरू होतं ती जागा बदलली. आधी फाईल ब्रँचमधून निघाली की मोजायचो, नंतर "सगळी कागदं पूर्ण आल्यापासून" मोजायला लागलो. झाले चार दिवस! टाळ्या, फोटो, केक. कर्ज घेणाऱ्या माणसाला मात्र तेवढेच दिवस लागायलेत, उलट कागद अपुरे म्हणून फाईल परत पाठवायची सवय लागली सगळ्यांना. सर्टिफिकेट घरी भिंतीवर आहे, आईनं लावलंय, मी काढा म्हणू शकत नाही.

जालना_लोखंड – मंगळवार, दुपारी १:३०

आमच्या रोलिंग मिलमधे फाइव्ह एसचे (वस्तू जागच्या जागी ठेवायची पद्धत) पिवळे पट्टे मारले होते जमिनीवर. ऑडिट झालं आणि पंधरा दिवसात पट्ट्यावरच बिलेट (लोखंडाचे ठोकळे). बाकी चालू द्या.

चिकलठाण्याचे_काका – मंगळवार, रात्री ९:०५

मी ३४ वर्षं क्वालिटीत काढली, आता घरी आहे, बायको म्हणते घरातल्या डब्यांना लेबलं लावणं बंद करा. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं, ते 'इंटरनॅशनल' प्रकरण. बेल्ट देणारी जगात एकच एक अधिकृत संस्था अशी नाहीच. मोटोरोलात १९८६ च्या सुमाराला बिल स्मिथ या इंजिनिअरनं सिक्स सिग्मा मांडलं, नंतर १९९५ ला जॅक वेल्चनं जनरल इलेक्ट्रिकमधे ते उचलून धरलं तेव्हा जगभर गाजलं. कराटेवरून पट्ट्यांची नावं आली. त्यामुळं आज उद्या तू आणि मी मिळून पट्टे वाटायला बसलो तर कुणी अडवणार नाही. ज्यांचं वजन आहे अशा थोड्याच जागा. अमेरिकेची एएसक्यू ही क्वालिटीवाल्यांची संस्था, तिची ग्रीन बेल्टची परीक्षा द्यायला तीन वर्षांचा अनुभव लागतो, ब्लॅक बेल्टला केलेला प्रोजेक्ट सही-शिक्क्यानिशी दाखवावा लागतो. आणि आपल्याकडं इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, महालनोबिसांनी १९३१ ला काढलेली, तिचं एसक्यूसीचं (स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल) युनिट पुण्यात पण आहे आणि तेही बेल्टचे कोर्स घेतात. "आजच भरले तर" असं त्यातलं कुणी म्हणत नाही. साडीच्या दुकानात म्हणतात.

दुसरं. पोरा, ते दोन टक्के कुणी मोजले?

व्हर्नियरवाला – मंगळवार, रात्री ११:५५

काका मोजले म्हणजे, शिफ्टचा इन्स्पेक्टर मोजतो, रिजेक्शनचा लाल बिन असतो, शिफ्ट संपताना पीस मोजून रजिस्टरला लिहितो. तिन्ही शिफ्टला वेगळा माणूस आहे. मी जनरल शिफ्टला असतो, महिन्याचा चार्ट मी बनवतो. १०० ला १.८ म्हणजे दहा लाखाला १८ हजार. मी टेबल बघितलं, त्या हिशोबानं आम्ही ३.६ सिग्मावर आहोत (सिग्मा जेवढा जास्त तेवढ्या चुका कमी). सहाला ३.४ च चुका असतात दहा लाखात. म्हणजे लईच लांब आहोत.

चिकलठाण्याचे_काका – बुधवार, सकाळी ६:४०

सिग्माचा टेबल गुंडाळून ठेव. आणि ते ३.४ पण सरळ नाही, त्यात दीड सिग्मा प्रोसेस सरकणार असं आधीच धरलंय, न सरकता मोजलं तर अब्जात दोन निघतात. म्हणजे तो आकडा देवाची वाणी नाही, माणसांनी ठरवलेला हिशोब आहे. प्रेस शॉपमधे त्याच्यानं पोट भरत नाही.

मी विचारलं ते असं. बर आहे की नाही हे तो माणूस कशानं ठरवतो? यंत्रानं की बोटानं?

व्हर्नियरवाला – बुधवार, दुपारी २:१०

बोटानं.

ड्रॉइंगवर ०.२ मिलिमीटरपर्यंत चालंल असं लिहिलंय. पण ताशी ६०० पीस यायलेत, कोण मोजत बसतं.

शंकासुर – बुधवार, दुपारी २:१४

म्हणजे २४ हजाराचा प्रश्न बोटावर आला.

लातूरची_डाळ – बुधवार, दुपारी ४:३०

मधे बोलते, माफ करा, आमची डाळ मिल आहे लातूरला, सासऱ्यांनी काढलेली, आता मी आणि दीर बघतो. हे वाचून अंगावर काटा आला कारण आमचं अगदी हेच झालं होतं, फक्त बोटाऐवजी दात.

तूर आली की ओलावा बघायचा तर आमचे जुने मुनीम दाणा दाताखाली फोडून सांगायचे. कटकन वाजला तर वाळलेला. पन्नास वर्षांचा अनुभव, त्यांच्या तोंडावर कोण बोलणार. तेलपाणी देऊन उन्हात घालायचं ते सगळं त्या अंदाजावर. डाळीचा उतारा कधी चांगला कधी वाईट, चुरी जास्त निघाली की दोष कुणावर, तर मशीनवरच्या ऑपरेटरवर, रोलर जोरात आवळला म्हणून. दीरांनी दोन ऑपरेटर बदलले. मग मी मॉइश्चर मीटर आणलं, तर घरात भांडण, म्हणे मुनीमजींचा अपमान केला. मीटर आणि मुनीमजी दोघांचं वेगवेगळं लिहून ठेवलं महिनाभर, न बोलता. सकाळच्या मालाला दोघं जवळपास जुळायचे, दुपारनंतरच्या मालाला मुनीमजी सगळंच वाळलेलं सांगायचे. आता दाताला दुपारनंतर काय होतं ते देवाला माहीत, माझा अंदाज की त्यांनी दुपारी पान खाल्लेलं असायचं. त्यांना सांगितलं नाही, फक्त ओलावा बघायचं काम सकाळीच ठेवलं, वर मीटर आहेच.

सरकारी मदतीचं सांगते, मालकाला दाखवा. झेड म्हणून स्कीम आहे एमएसएमई मंत्रालयाची, ब्राँझ सिल्व्हर गोल्ड असं सर्टिफिकेट, खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५० सबसिडी. आणि मार्च २०२३ पासून लीनची वेगळी स्कीम, सल्लागाराच्या खर्चातले ९० टक्के सरकार देतं. चौकशी करायची तर तुमच्या तिथं मसिआ आहेच, लघुउद्योजकांचीच संघटना आहे ती. कागदं लागतात, पण जीएसटी रिटर्नपेक्षा सोपं.

जालना_लोखंड – बुधवार, सायंकाळी ७:००

ताई पान खाल्लेलं 😂 आमच्या मिलच्या फर्नेसवाल्याला हे वाचून दाखवणार आहे.

चिकलठाण्याचे_काका – बुधवार, रात्री ८:५०

ताईंनी माझा निम्मा लेख वाचवला. शाब्बास.

आता व्हर्नियरवाल्या, फुकटचा ग्रीन बेल्ट घे. लाल बिनमधले आणि चांगल्या बिनमधले मिळून ३० पीस उचल. थोडे उघड खराब, थोडे उघड चांगले, पण निम्मे तरी काठावरचे पाहिजेत. मागच्या बाजूला मार्करनं नंबर टाक, पुढून दिसता कामा नये. आधी तू स्वतः टूल रूममधे जाऊन प्रत्येकाची बर मोजून घे आणि कागद खिशात ठेव. मग तिन्ही इन्स्पेक्टरला एकेकट्याला दे, ओके का नॉट ओके एवढंच विचार. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून तेच पीस परत दे. तेच आहेत हे सांगू नको. परीक्षा घ्यायलो असंही म्हणू नको, नाहीतर मुद्दाम कडक होतात.

ह्याला पुस्तकात मेझरमेंट सिस्टिम ॲनालिसिस म्हणतात. डिफाइन, मेझर, ॲनालाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल अशा पाच पायऱ्या शिकवतात त्यातली ही दुसरी. आणि लोक हीच उडी मारून जातात, कारण इथं फोटो काढण्यासारखं काही नसतं.

परभणीची_सिस्टर – गुरुवार, सकाळी ७:२०

नाईट करून आले, झोप येत नाही म्हणून वाचलं. आमच्या वॉर्डात पण क्वालिटीचं ट्रेनिंग झालं होतं दोन दिवस, समोसे चांगले होते. पण एक गोष्ट खरंच कामाची निघाली, इमर्जन्सी ट्रेमधे प्रत्येक वस्तूची जागा रंगवून ठेवायची, रिकामी जागा लांबून दिसली पाहिजे. आधी कुणीतरी ॲड्रिनलिन वापरलं की पुढच्याला ऐनवेळी कळायचं. आता कळतं. त्या दोन दिवसातलं तेवढंच टिकलं, बाकी फाईलला लागलं.

व्हर्नियरवाला – पुढचा बुधवार, रात्री १२:३०

आलो. मधे डेबिट नोट, मधे ऑडिट, मधे बहिणीचं बघायला पाहुणे, सगळं एकदम.

काकांनी सांगितलं तसं केलं. ३० पीस, तीन माणसं, दोन दोन वेळा. निकाल सांगायला लाज वाटायली. तिघंही दोन्ही वेळेला एकच म्हणले असे पीस निघाले फक्त १७. पहिल्या शिफ्टचे मामा (सगळे मामाच म्हणतात) स्वतःच्याच कालच्या उत्तराच्या उलट ४ पीसला बोलले. दुसऱ्या शिफ्टवाला २ ला. आणि तिसऱ्या शिफ्टचा नवा पोरगा, ज्याच्यावर सगळं खापर, तो स्वतःच्या उत्तराला सगळ्यात पक्का निघाला, फक्त एकदाच बदलला. पण तो कडक आहे. ०.१५ ला पण नॉट ओके. आणि मामा ०.२८ ला ओके म्हणून सोडायलेत!! म्हणजे तिसऱ्या शिफ्टला रिजेक्शन जास्त नव्हतं, तिसऱ्या शिफ्टला पकडलं जास्त जायचं, आणि डेबिट नोटा ज्या मालावर यायल्यात तो बहुतेक पहिल्या शिफ्टनं पास केलेला. मी दोन महिने चार्ट बनवायलो, शिफ्टप्रमाणं रंगीत, मीटिंगला दाखवायलो, आणि चार्ट बरचा नव्हता, बोटाचा होता.

आणखी एक. तो पोरगा का कडक हे विचारलं तर म्हणला साहेब रात्री त्या टेबलावरची एक ट्यूब बंद आहे, दिसत नाही, म्हणून शंका आली की टाकून देतो लाल बिनमधे. ट्यूब. चार महिन्यापासून बंद. मेंटेनन्सला दोनदा सांगितलंय म्हणे.

नांदेड_टू_पुणे – गुरुवार, सकाळी ९:४०

भाऊ हे वाचून मला माझा भिंतीवरचा कागद आठवला. तुझा प्रोजेक्ट माझ्यापेक्षा खरा आहे.

शंकासुर – गुरुवार, सकाळी १०:०५

मी मस्करी करायलो होतो, पण आता विचारतो. मग बर येतेच का? मोजणं सुधारलं म्हणून धार थोडीच जाणार.

चिकलठाण्याचे_काका – गुरुवार, दुपारी १२:१५

शंकासुरानं बरोबर जागी बोट ठेवलं (दुपारनंतरचं नाही ना? 😄).

बर येते पंच-डायमधला (पत्रा कापणारी जोडी) गॅप चुकला की, नाहीतर कडा बोथट झाल्या की. ग्राइंडिंग, म्हणजे कडांना परत धार लावणं, कधी करता? प्रेसच्या किती स्ट्रोकनंतर?

व्हर्नियरवाला – गुरुवार, रात्री ११:२०

कस्टमरची कंप्लेंट आली की.

चिकलठाण्याचे_काका – शुक्रवार, सकाळी ६:३०

वाटलंच होतं.

आधी काठावरचा एक पीस, म्हणजे बरोबर ०.२ वाला, आणि एक ०.२ च्या जरा वरचा, असे दोन नमुने मालकाची सही घेऊन प्रत्येक इन्स्पेक्शन टेबलाला साखळीनं बांध. लिमिट सॅम्पल. शंका आली की बोट आधी त्याच्यावर, मग मालावर. ट्यूब तू स्वतः दुकानातून आण, बिल नंतर मागू.

मग दर हजार स्ट्रोकला पाच पीस घे, बर यंत्रानं मोज आणि सरासरी वहीत ठिपक्यानं मांड. शूहार्ट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९२४ ला बेल कंपनीत असाच एक पानाचा तक्ता काढून साहेबाला दिला होता, सगळं एसक्यूसी तिथून निघालं. ठिपके हळूहळू वर चढताना दिसले की कुठं ग्राइंडिंग करायचं ते तुला टूलच सांगंल, कस्टमरनं सांगायची गरज नाही.

फक्त एक चूक करू नको. एक ठिपका जरा वर गेला की लगेच सेटिंग हलवायचं नाही. आमच्या शेतावर एक जण तिफण धरायचा, प्रत्येक ढेकळाला हात हलवायचा, त्याचा तास (पेरणीची ओळ) बघितला तर सापासारखा. शेजारचा गडी लांबच्या बाभळीवर नजर ठेवून चालायचा, त्याचा तास सरळ. थोडी वरखाली प्रत्येक प्रोसेसची असतेच, तिला ढवळलं की ती वाढते. क्वालिटीचा गुरू डेमिंग हेच नरसाळ्यातून गोट्या टाकून दाखवायचा.

जालना_लोखंड – शुक्रवार, सकाळी ११:००

काका आमचा शिफ्ट इंचार्ज हाच ढेकळावाला. नाव घेत नाही.

लातूरची_डाळ – शुक्रवार, दुपारी ३:१५

व्हर्नियरवाले भाऊ, एक विचारायचं राहिलं. त्या तिसऱ्या शिफ्टच्या पोराचं काय झालं? आमच्याकडचे दोन ऑपरेटर गेले ते गेलेच, मला अजून टोचतं ते.

व्हर्नियरवाला – रविवार, दुपारी १:००

ताई तेच सांगायला आलो.

मालकाला शनिवारी सगळं दाखवलं, ३० पीस टेबलावर मांडूनच. आधी चिडले, म्हणले मामा वीस वर्षं आहेत. मग त्यांनाच म्हणलं सर तुम्ही करून बघा. केलं. परत करा म्हणलं. ५ पीसला स्वतःच्या उलट बोलले. मग हसले आणि सॅम्पलवर सही केली. मामांना कुणी काही बोललं नाही, सॅम्पल बांधल्यावर मामाच सगळ्यात जास्त वापरायलेत ते, आधी म्हणत होते डोळे आता पहिल्यासारखे नाहीत रे, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं.

ट्यूब बसवली. १८० रुपये.

पण पोरगा. रिजेक्शन तीन टक्क्याच्या वर म्हणून ठेकेदाराच्या बिलातून कापायचे आणि ठेकेदार त्याच्या पगारातून. दिवाळीच्या आधी दोन हजार कापले, मग तो यायचाच बंद झाला. बुधवारच्या आधीच गेला होता, ज्या रात्री मी त्याला दुसऱ्यांदा ३० पीस दिले ती त्याची शेवटची नाईट होती, मला तेव्हा माहीत नव्हतं. ठेकेदाराला फोन केला तर म्हणला तो बीडकडचा, आई-बापासोबत ऊसतोडीला गेला कर्नाटकात, कोयत्यावर. मालकाला म्हणलं ते दोन हजार द्यायला पाहिजेत. म्हणले ठेकेदाराशी बोलतो. बघू.

चिकलठाण्याचे_काका – रविवार, दुपारी ४:४५

ठेकेदाराकडून पोराचा नंबर घेऊन ठेव आणि दोन हजाराचं मालकाकडून लिहून घे, तोंडी नको. साखर कारखान्याचा पट्टा पडला (हंगाम संपला) की ती माणसं परत येतात, तेव्हा फोन कर. जो स्वतःच्या उत्तराला पक्का असतो त्याला टेबलावर बसवतात, ऊस तोडायला नाही पाठवत.

ग्राइंडिंगचं रजिस्टर चालू केलं का?

व्हर्नियरवाला – रविवार, रात्री १०:१०

केलं काका, शुक्रवारपासून. ९ हजार स्ट्रोकपर्यंत ठिपके सपाट आहेत, ०.०८ च्या आसपास. पुढं बघतो. नंबर मिळाला, रेंज नाही म्हणायलंय.

ट्रेनिंगवाल्याचा परत फोन आला होता, आता १८ म्हणतोय.

शंकासुर – रविवार, रात्री १०:१४

आणखी चार दिवस थांब. ट्यूबच्या भावात येतंय.